चारशे आठ चकत्यांची व्यवस्था

मी समाधान देवचंद सुरवाडे, वय ५४, धंदा लेथकाम, राहणार वरणगाव, जि. जळगाव. स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू अशा: राहत्या घराच्या खिडक्यांचे गज, पंपांचे शाफ्ट, मोजून ३,११२, पत्नी कोकिळाचे पोळपाट, आणि एका जंतूच्या एन्झाइमची लाकडी प्रतिकृती, दोन कोटी पट मोठी. शिक्षण आठवी, पुढचे सगळे पुस्तके उघडून आणि यंत्रे उघडून. सोमवारी माझ्या हृदयाचे ऑपरेशन आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दाब नाही, म्हणून आजच लिहून ठेवतो.

१. घर कोकिळाचे. तिच्या हयातीत कोणी वाटणी मागू नये.

२. लेथ मुलगा प्रशील याला. तेल दर शनिवारी, आठवण झाली की नव्हे.

३. वना सुतार यांनी २००९ साली नेलेला माझा काटकोन तपासायचा गुण्या त्यांच्याकडेच राहू द्यावा. राग मात्र मी सोबत नेतो.

४. मित्र तोताराम याला काही नाही, कारण साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणतात. यावर तो म्हणाला, "मंग सही फुकट का?" होय, फुकट.

५. प्रतिकृतीची हकीकत. मुलगी संघमित्रा पुण्याला संशोधन करते. गावालगत केळीची खोडे कुजतात, त्या खड्ड्यातला चिखल तिने बाटलीत भरून नेला. त्यातल्या एका जंतूचे एन्झाइम खोडाचा चिवट धागा तोडते. ते बारा सारख्या घटकांचे. सहा-सहाच्या दोन कड्या, एकावर एक. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या लाखो फोटोंवरून कॉम्प्युटरने त्याचा आकार जुळवला. त्या आकाराचे आडवे छेद तिने कागदावर छापून पाठवले. मी ते ३ मि.मी. प्लायवर उतरवून कापले. एका घटकाला चौतीस चकत्या, एकूण चारशे आठ.

पहिला घटक उभा केला, तर आतल्या पिळांना डावे आटे, पुस्तकातल्या चित्रांत मात्र उजवे. वाटले, चकत्यांचा क्रम मीच उलटा लावला. क्रम उलटला की डाव्याचे उजवे होते. तीनदा सोडवून रचला. क्रमांक बरोबर होते. तरी अकरा दिवस स्वतःलाच दोष दिला. मग फोन केला.

"संघमित्रा, जिवाच्या आतला पीळ डावा असतो का उजवा?"

"उजवा, पप्पा. माणूस घ्या, झाड घ्या, जंतू घ्या."

"मग तुझा आकार आरशातला आहे."

ती म्हणाली, "फोटोंवरून कॉम्प्युटरला डावं-उजवं कळत नाही. ते आम्ही तपासायचं असतं. पुढच्या आठवड्यात सगळ्यांसमोर मांडणार होते, पप्पा."

तिने आकार उलटवून पाठवलेल्या नव्या छेदांवरून बारावा घटक बसवला आणि कुठेही फट राहिली नाही. तीस वर्षांत मी तंतोतंत एका मापाचे दोन शाफ्ट केलेले नाहीत. मायक्रोमीटर लावला की फरक निघतोच. त्या सडक्या खड्ड्यात लेथ नाही, माप नाही, कारागीर नाही. तरी असे बारा-बारा तुकडे अखंड घडतात, एकमेकांना शोधतात आणि कडी मिटवतात. मी चपला काढून उभा राहिलो. कोकिळा म्हणाली, "अहो, जेवायचं नाही का?"

६. प्रतिकृती मी आठवीपर्यंत शिकलो त्या शाळेला. चिकटवायची नाही, रंगवायची नाही, काचेत कोंडायची नाही. मुलांनी हात धुऊन बाराही घटक सोडवावेत आणि पुन्हा जुळवावेत. मोडलेली चकती प्रशीलने करून द्यावी.

७. प्रशीलला ही अट पटत नाही. जळगावच्या एका खासगी कॉलेजचे अध्यक्ष वर्कशॉपवर आले होते. प्रतिकृती विकत घेऊन, कायमची चिकटवून, सोनेरी रंगवून, खाली 'आमच्या विद्यार्थ्यांनी घडवलेली' अशी पाटी लावणार होते. प्रशील म्हणाला, "पप्पा, लाकूडच आहे. तुमच्या ऑपरेशनचा खर्च निघतो त्यात." त्याची काळजी खरी आहे, त्याच्यावर राग नाही. पण मी नाही म्हटले. माझ्या माघारी ते पुन्हा येतील. प्रशीलने त्यांना चहा द्यावा, प्रतिकृती देऊ नये.

ठिकाण: वरणगाव. दि. १२ फेब्रुवारी २०२५.
(सही) समाधान देवचंद सुरवाडे

साक्षीदार १: हेमांगी चौधरी, शेजारी. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार २: तोताराम निंबा पाटील, रा. नरडाणा, जि. धुळे. सही माझ्यासमोर झाली. अध्यक्ष आले त्या दिवशीही मी तिथेच होतो, आणि ते गेल्यावर "समाधान, तू येडा शे का?" असे विचारणारा मीच. नाकारलेली रक्कम त्याने वर लिहिलेली नाही, म्हणून मी लिहितो: रुपये ४,५०,०००/-, अक्षरी चार लाख पन्नास हजार फक्त.