गाडी झाली की येतो वर

अंधेरी (पूर्व)
सोमवार, १० फेब्रुवारी

प्रिय सुबोध,

हे पत्र राजाराम तुझ्या हातात देईल. तो शुक्रवारी सिंगापूरला तुमच्या जहाजावर चढतोय. मी त्याला बजावलंय की पाकीट केबिनच्या दाराखालून सरकवायचं नाही, हातात द्यायचं आणि तू ते फोडेपर्यंत समोर उभं राहायचं. व्हॉट्सअ‍ॅपच्या जमान्यात बायकोला पत्र लिहायची हुक्की का आली असं तुला वाटेल. कारण साधं आहे. फोनवर मी काही गंभीर बोलायला लागले की तुझं नेटवर्क जातं. गाडीचा विषय निघाला की तेच नेटवर्क त्याच समुद्रात पाऊण तास टिकतं. कागदाचं तसं नसतं, तेव्हा आता निमूटपणे शेवटपर्यंत वाच.

सुरुवात गाडीपासूनच करते, म्हणजे निदान पहिलं पान तरी संपवशील. चार वर्षांपूर्वी गोरेगावच्या स्टुडिओतून ती लाल, दोन माणसांची स्पोर्ट्स कार तू टो करून आणलीस तेव्हा मी गॅलरीतून बघत होते. शूटिंगची गाडी. नायिका आत बसायची, पंख्याने तिचे केस उडायचे आणि मागून सहा माणसं ढकलायची, कारण इंजिन केव्हाच जाम झालेलं होतं. तू म्हणालास, दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवतो, घरच्या घरी, खाली गॅरेजमध्ये, एका सुट्टीचं काम आहे. मी म्हटलं असू दे, सहा-सहा महिने पाण्यावर राहणाऱ्या माणसाला काहीतरी छंद हवा. मग कुर्ल्याच्या भंगारवाल्याकडून एका चेपलेल्या गाडीचं धडधाकट इंजिन आलं. पहिल्या सुट्टीत तू जुनं इंजिन काढलंस. दुसऱ्या सुट्टीत नवं साफ केलंस. तिसऱ्या सुट्टीत मापं घेतलीस. चौथ्या सुट्टीत, म्हणजे गेल्या मे ते ऑगस्टमध्ये, ते पुन्हा साफ केलंस.

या सगळ्यात माझ्या घराची काय दैना झाली ते तुझ्या गावीही नाही. लोणच्याच्या दोन बरण्यांत बोल्ट आहेत. आईंची पितळी परात, जिच्यात त्या होत्या तोवर मोदकांची उकड मळत, तिच्यात तू काळं ऑइल गाळलंस आणि वर मला म्हणालास की घासली की निघेल. मांजर दोनदा त्या गाडीच्या सीटवर व्याली. सोसायटीचे सेक्रेटरी विद्याधरकाकांनी आजवर आठ नोटिसा लावल्या, अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत, आणि दोन्हींत इतक्या चुका की मला लाल पेन घेऊन खाली जावंसं वाटतं. तू जहाजावर गेलास की त्यांना तोंड द्यायला मी. तू तिकडून व्हॉइस नोट पाठवणार, इंजिनावर ताडपत्री घाल, रेडिएटर आडवा ठेवू नकोस, बॅटरी काढून ठेव. सकाळची शाळा, पन्नास पोरांच्या वह्या, घरात आजारी माणूस, आणि साहेब उंटावरून शेळ्या हाकणार.

हे सगळं मी सोसलं. एका गोष्टीने मात्र माझं डोकं फिरलं आणि ते मी तेव्हा बोलले नाही. जुलैत कंपाउंडमध्ये पाणी भरणार म्हणून तू चार हमाल आणलेस, ते इंजिन दोरखंडाने बांबूला बांधलंस आणि दोन जिने चढवून आपल्या गॅलरीत आणलंस. जिन्याच्या वळणावर तू त्याला हात लावून चालत होतास आणि सांभाळून रे, सांभाळून रे म्हणत होतास. बाबा पलंगावरून बघत होते. चार वर्षांत त्यांना एकदाही खुर्चीत बसवून खाली नेलेलं नाहीस, कारण तू म्हणतोस आपला जिना अरुंद आहे. मग दीडशे किलो लोखंडाला तो बरा पुरला. त्या रात्री मी तुला जेवायला वाढलं, पण तुझ्याशी बोलले नाही, आणि तुला ते कळलंही नाही.

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा तू ब्राझीलच्या किनाऱ्यावर होतास. घरी पोचायला तेवीस दिवस लागले. त्यात तुझा काही दोष नव्हता, हे मी तेव्हाही म्हटलं होतं, आजही म्हणते. तू आलास, त्यांच्याजवळ बसलास. त्यांनी तुझं नाव घ्यायला तोंड उघडलं, नुसता घोगरा आवाज निघाला आणि ते लहान मुलासारखे रडायला लागले. गिरणी बंद पडल्यावर साकीनाक्याला लेथवर वीस वर्षं उभं राहून ज्यांनी तुला मरीन इंजिनिअर केलं त्यांचा उजवा हात उशीवर नुसता ठेवलेला होता. तू उठून बाहेर गेलास. मला वाटलं पाणी प्यायला गेलास. दहाव्या दिवशी गाडी आली.

तेव्हापासून तुझ्या सुट्टीचा दिवस कसा जातो ते मी सांगायला नको. सकाळी चहा घेऊन खाली, दुपारी जेवायला वर, की परत खाली ते अंधार पडेपर्यंत. बाबांच्या दारात दोन सेकंद थांबून, काय बाबा, बरं ना, एवढं विचारायचं आणि उत्तराआधीच चपला घालायच्या. बाबा दाराकडे बघत राहायचे. आणि इथे माझीही चूक आहे, ती कबूल करते. त्यांच्या डोळ्यांकडे बघवत नसे म्हणून मी तुझी बाजू सावरायला लागले. सुबोध कामात आहे, गाडी झाली की येतो वर, असं मी त्यांना सांगत आले. रोज. चार सुट्ट्या. पुढे पुढे तर तू समुद्रावर असतानाही, सवयीने.

दिवाळीनंतर बाबांना एक शब्द फुटला. तुला तेव्हा कळवलंच होतं. चार वर्षांत पहिला स्पष्ट शब्द. मी शाळेतून आले, त्यांनी मान वळवली आणि विचारलं, "झाली?" मी आणि बाबांना सांभाळणारी जया, आम्ही दोघी नाचायच्या बाकी होतो. प्रांजलला नागपूरला फोन केला, पोरगी हॉस्टेलवर रडली. तूही खूश झालास. म्हणालास, जुना फिटर आहे, मशीन सुटत नाही त्याला, गाडीत जीव अडकलाय. मलाही ते पटलं. तू फोनमधले इंजिनाचे जुने फोटो पाठवलेस, मी त्यांना दाखवले. ते फोटोकडे बघायचे नाहीत. चष्म्याचा नंबर बदलला असेल असं मला वाटलं, बघ माझी अक्कल.

म्हणून नोव्हेंबरात मी तेच चार हमाल बोलावले. एवढी ओढ आहे तर बाबांना खुर्चीवरून खाली नेऊन गाडी दाखवू, असं ठरवलं. खुर्ची पलंगाला लावली तर त्यांनी डाव्या हाताने पलंगाची दांडी धरली ती सोडीचनात. मी समजावलं, जयाने समजावलं. ते रडायला लागले. मग दांडी सोडून त्यांनी पलंगाशेजारच्या स्टुलावर हात ठेवला, ते रिकामं स्टूल दोनदा थोपटलं, दाराकडे बघितलं आणि विचारलं, झाली? सुबोध, त्यांना गाडीशी काही देणंघेणं नव्हतं रे. ते तुला विचारत होते. मी त्यांना चार वर्षं जे सांगितलं होतं त्याचा हिशोब ते रोज एका शब्दात मागत होते. हमाल दारात उभे होते. मी त्यांना म्हटलं, बाबांना राहू द्या, गॅलरीतलं इंजिन खाली न्या.

मग मी साकीनाक्याला जाऊन श्यामसुंदरला गाठलं. बाबांच्या हाताखाली लेथ शिकलेला, आता त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे. बाबांचं नाव काढल्यावर पुढच्याच रविवारी आला. त्याने गाडी बघितली, इंजिन बघितलं, तुझी मापांची वही चाळली, आणि मग तुझी पत्र्याची ट्रंक उघडली. नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला बसत नाही, मध्ये प्लेट बनवावी लागेल, त्याचं माप जुळत नाही, हे रडगाणं तू मला दोन वर्षं ऐकवलंस. ती प्लेट ट्रंकेत होती. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, ऑइल लावलेली, तयार. श्यामसुंदरने ती तिथल्या तिथे लावून बघितली. केसभरही फरक नव्हता. इंजिनाचे ब्रॅकेट तयार, पाइप तयार, क्लच प्लेट खोक्यात सीलबंद. त्याने सगळं जमिनीवर ओळीने मांडलं, हात पुसले आणि मला विचारलं, "वहिनी, हे पंधरा दिवसांचं काम आहे. साहेब चार वर्षं करत काय होते?"

तिमजली घराएवढी इंजिनं खोलून बसवणारा सेकंड इंजिनिअर आमच्या गॅरेजमध्ये लपून बसला होता, असं सांगू? म्हटलं, त्यांना वेळ झाला नाही.

पंधरा दिवसांचं काम आम्हाला दहा रविवार पुरलं, कारण मदतनीस मी. चेन-पुली गॅरेजच्या गर्डरला टांगली. इंजिन उतरवलं तर त्याचं खालचं ऑइल चेंबर गाडीच्या मधल्या आडव्या दांड्याला टेकायला लागलं, ते कापून वेल्डिंग करून आणलं. मी ब्रॅकेटला कानस मारली, दोन नखं गेली. एकदा मी क्लच प्लेट उलटी हातात दिली, श्यामसुंदर बोलण्याच्या नादात होता, त्याने तशीच बसवली. सगळं आवळून झाल्यावर क्लच सुटेना. गिअरबॉक्स परत उतरवला. आख्खा रविवार पाण्यात, आणि त्या भल्या माणसाने नुसता चहा मागितला. तू फोनवर विचारायचास, गाडी कशी आहे, आणि मी म्हणायचे, आहे तशी आहे. तुझ्या आवाजात तेव्हा जी सुटका ऐकू यायची ना, तिनेच मला पुढचा रविवार काढायचं बळ दिलं. विद्याधरकाकांनी आठवी नोटीस लावली. ती मी चुका सुधारून परत त्यांच्याच दारात ठेवली, तेव्हापासून शांतता आहे.

गेल्या रविवारच्या आदल्या रविवारी, दोन तारखेला, गाडी सुरू झाली. तीनदा सेल्फ मारला, खोकली, काकांच्या वाळत घातलेल्या चादरींवर धुराचा लोट गेला आणि मग एकदम एका सुरात चालायला लागली. मला इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं. मी तशीच, ग्रीसच्या हातांनी, दोन जिने चढून गेले आणि विचार न करता बोलून बसले, "बाबा, झाली गाडी." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग डावा हात गालावर फिरवला. मला कळेना. जयाला कळलं, तिने दाढीचं सामान आणलं. दाढी झाल्यावर त्यांनी कपाटाकडे बोट केलं, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायला लावला, खुर्चीत बसवायला लावलं आणि खुर्ची दाराकडे तोंड करून वळवून घेतली. मी भानावर आले आणि सांगायला लागले, बाबा, सुबोध जहाजावर आहे, महिनाअखेरीला येईल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दाराकडे बघत संध्याकाळी सातपर्यंत बसून राहिले. आज नववा दिवस. रोज दाढी, रोज धुतलेला शर्ट, रोज दाराकडे तोंड. तो एकुलता एक शब्दही आता ते उच्चारत नाहीत, विचारण्यासारखं काही उरलं नाही ना. आणि काल राजाराम खाऊचा डबा न्यायला आला, त्याच्या तोंडून सहज निघून गेलं की साहेबांनी जहाजावर अजून दोन महिने वाढवून मागितलेत. म्हणून हे पत्र. तो अर्ज मागे घे. ठरल्या दिवशी उतर आणि विमानतळावरून सरळ वर ये, गॅरेजच्या कुलपाची किल्ली माझ्याकडे आहे आणि ती मिळणार नाही. आत तुझ्यासाठी काही काम ठेवलेलं नाही. आरटीओत नवा इंजिन नंबर चढवायला तुझी सही लागेल, तेवढी बाबांच्या शेजारी बसून कर. तुला भीती वाटते, मला माहीत आहे. मलाही रोज सकाळी त्या खोलीत जाताना वाटते, मी जाते. गाडी झाली हे त्यांना कळलंय, सुबोध. तू अजून का आला नाहीस, याला माझ्याकडे आता दुसरं कारण नाही.

अजूनही तुझीच,
दीप्ती