कावळ्याला दिलेला शब्द

प्रिय आक्का,

आज सकाळी आपल्या बापूकाकांचा फोन आला, म्हणून लिहायला बसले. "पुस्तक कुठवर आलं गो? वर्षश्राद्धालाच प्रकाशन करू. हॉल बघून ठेवलाय." मला शिसारी आली. फोन ठेवून मी हात धुतले, खरंच साबण लावून धुतले!

कुठलं पुस्तक, विचारशील. तुझ्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. सगळे हात जोडून एकेक कबूल करू लागले. मुलाचं लग्न करू, आंब्याची कलमं विकणार नाही. कावळा ढिम्म! शेवटी काका माझ्या वतीनं ओरडले, "ही तुझ्यावर पुस्तक लिहील हो!" आणि तो मेला खाली उतरला! "दुःखातूनच लेखकाला प्रेरणा मिळते," काका मला म्हणाले आणि पंगतीकडे वळले.

प्रेरणा! घाण येते गं आता मला या शब्दाची. जणू तू गेलीस ती माझी सोय व्हावी म्हणून!

माझ्या गोष्टी कुठून आल्या, ते तुला ठाऊक. हातखंब्याला हायवेवरच्या तुझ्या टपरीत भजीचं पीठ कालवता कालवता तू सुरू करायचीस, "काल त्या ट्रकवाल्याची बायको आलेली..." आणि शेवटी पिठाचा हात माझ्या नाकासमोर नाचवायचीस, "यातलं काय एक लिहायचं नाय हां!" मी लिहायचेच. तू वाचून म्हणायचीस, "मेल्ये, त्या ट्रकवाल्याला टक्कल होतं. केस कशाला दिलेस?" रागवायचीस की खूश व्हायचीस?

हॉस्पिटलात मात्र वेगळंच. नर्स तुझं अंग पुसत होती, मी बघत होते. "तोंड फिरव," म्हणालीस. "हे तुझ्या गोष्टीसाठी नाय." किती हळू म्हणालीस! मी नुसती तुझी बहीण म्हणून बघत होते, आक्का. तुला तसं का नाही वाटलं? थोडा राग आहे अजून.

काका म्हणतात, आजारपणाचंच मोठं प्रकरण कर, लोक रडतील. लोकांना रडायला तुझा उघडा देह हवा? थू!

सकाळी फोनवरच काकांना हॉल सोडून द्या म्हटलं. "अगो, शब्द दिलाय आपण!" "ज्यानं दिला त्यानं लिहावं," मी म्हटलं. मग दुपारी भाऊजींचा फोन. तुझ्या नवऱ्यानं आवाज चढवला नाही, एवढंच म्हणाले, "शब्द मोडलास तर तिचा आत्मा अडकेल." तेव्हापासून घरातलं कुणी माझा फोन घेत नाही.

हॉस्पिटलच्या त्या खोलीतलं या पत्रात आलं तेवढंच. यापुढे एक अक्षर नाही, हा माझा शब्द. त्यापायी अडकलीसच कुठे, तर सरळ माझ्याकडे ये. भांडू.

तुझीच धाकटी,
शकू