पाय काढला की बंद

आबा, तुमची गाडी मी तुम्ही गेल्यानंतरच्या उन्हाळ्यातच देऊन टाकली, हे तुम्हाला अजून सांगितलेलं नाही. रागावू नका. दारात उभी राहून राहून तिच्या मागच्या सीटवर शेजारची कोंबडी अंडी घालायला लागली होती आणि आई रोज उठून म्हणायची, "एक तर हिला ने, न्हाई तर मला तरी ने." गेल्या महिन्यात मी शाळेतून निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात एका नव्या मास्तरनं विचारलं, "बाई, तुमचा नोकरीचा पहिला दिवस कसा होता?" चार लोकांत बोलतात तसं गोड गोड बोलून मी मोकळी झाले. खरं सांगायचं तर ते आधी तुम्हालाच सांगायला पाहिजे होतं.

पूर्णेच्या लोको शेडमध्ये तुमची उभी हयात वाफेच्या इंजिनांखाली गेली. निवृत्त झालात आणि एका डॉक्टरांची जुनी मोटार घेऊन आलात. आपल्या वस्तीतली पहिली मोटार. पण शेडमध्ये दुखावलेला तुमचा गुडघा क्लच दाबू देईना, म्हणून मला शिकवलंत. लोक हसले. "फिटरची पोरगी मोटार हाकायलीय, आता पोरं सैपाक करतील बगा!" तुम्ही त्यांना म्हणालात, "करतील की. त्यात काय मरतेत व्हय?" एवढ्या एका वाक्यासाठी मी तुमचे किती उपकार मानते, ते तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही.

मग गाडीचा कार्ब्युरेटर गळायला लागला. तुम्ही तो ओट्यावर खोलला आणि आतलं फाटकं पॅकिंग काढून नवं कापायला बसलात. शेडची तुमची पद्धत: लोखंडी तोंडावर जाड कागद धरायचा आणि हातोडीच्या गोल डोक्यानं कडेकडेनं हलकं ठोकत जायचं, कागद आपोआप त्या आकारात कापला जातो. मी शेजारी बसून बघत होते. जुन्या पॅकिंगला टाचणीच्या डोक्याएवढं एक भोक होतं. मी म्हणाले, "आबा, हे राहिलं." तुम्ही वर न बघताच फटकारलंत, "झिजून पडलंय ते. वाफेच्या कामात भोक दिसलं की बुजवायचं असतंय. तुला काय कळतंय त्यातलं?" मी गणित घेऊन बीएस्सी, वर बीएड झालेली. लय लागलं मला ते. तणतणत उठले आणि चहा टाकायला गेले.

दुसऱ्या दिवसापासून गाडी रुसली. वेगात असली की झकास, पण ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की बंद. तुम्ही प्लग पॉलिश पेपरनं घासले, ठिणगीच्या पॉइंटची फट पोस्टकार्ड सरकवून मोजली, पेट्रोलची नळी तोंडानं फुंकली, कार्ब्युरेटरचा स्क्रू तर इतका फिरवला की त्याचे आटे गुळगुळीत झाले. बंद पडली की तुम्ही पान्याच्या दांड्यानं कार्ब्युरेटरवर टकटक करायचे, हँडल मारायचे आणि म्हणायचे, "जुनी हाय, तिला धीर न्हाई."

त्यातच माझी ऑर्डर आली. पेडगावच्या शाळेत गणिताची जागा. पाकीट वसतिगृहाच्या जुन्या पत्त्यावर फिरून आलेलं, त्यामुळं हाती पडलं तेव्हा हजर व्हायला एकच दिवस उरला होता, आणि त्याच दिवशी विद्यापीठाच्या नामांतरासाठी बंद. एस.टी. आगारात, रेल्वेगाड्याही रोखलेल्या. बंद आपल्याच लोकांचा. तुम्ही स्वतः आधीच्या मोर्चांत लंगडत गेलेले. तुम्ही दारात जाऊन रिकामा रस्ता बघून आलात. मग म्हणालात, "नाव मिळंल आज ना उद्या. ही जागा उद्या राहत न्हाई. काढ गाडी." आणि मला बजावलंत, "कायबी झालं तरी पाय काढायचा न्हाई."

पाय काढायचा नाही म्हणायला सोपं आहे हो. पूर्णेच्याच रेल्वे फाटकाला पहिल्यांदा बंद पडली. परभणीच्या अलीकडं पोरांनी टायर पेटवून रस्ता अडवलेला. थांबावंच लागलं, आणि पुन्हा बंद. एक पोरगा खिडकीत वाकला, तुम्हाला ओळखून म्हणाला, "जय भीम आबा! बंदच्या दिवशी तुमीच?" तुम्ही ऑर्डरचा कागद त्याच्या हातात दिलात. त्यानं वाचला, मागं वळून ओरडला, "ए, ढकला रे! ताई मास्तरीण व्हायला चाललीय!" सात-आठ जणांनी गाडी ढकलत टायरांच्या पलीकडं नेली, तशी ती सुरू झाली. रडू येत होतं, पण रडले असते तर पाय सुटला असता.

परभणी ओलांडून पेडगावच्या रस्त्याला लागलो आणि म्हशींचा कळप आडवा आला. तिसऱ्यांदा बंद. तुम्ही उतरलात, हँडल मारलंत, पुन्हा मारलंत, आणि बॉनेटला धरून तसेच उभे राहिलात. ओठ पांढरे पडलेले. रेडिएटरमधून वाफ येत होती. "पाणी आणतो," म्हणून डबा घेऊन तुम्ही लंगडत विहिरीकडं निघालात. घड्याळात साडेतीन, आणि पाचच्या आत शाळेत सही व्हायला पाहिजे होती. त्या उन्हात तुमची पाठ बघितली आणि मला तुमचाच राग आला, आबा. तुमच्या पिशवीतला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि कार्ब्युरेटरचं झाकण उचललं. खालच्या लोखंडाला बारीक भोक होतं, झाकणालाही बरोबर समोर होतं, आणि मधलं तुमचं पॅकिंग कोरं करकरीत. पाय काढल्यावर इंजिनाला जी पेट्रोलची धार लागते, तिचीच वाट तुम्ही बुजवली होती. माझ्या पिशवीत कंपासपेटी होती. कर्कटकाच्या टोकानं कागद भोसकला, वेडंवाकडं का होईना भोक पाडलं, स्क्रू आवळले, हात पदराच्या आतल्या बाजूला पुसले.

तुम्ही आलात, पाणी ओतलंत, पान्यानं टकटक केलंत आणि हँडल मारलंत. मी पाय काढला. गाडी चालूच. तुमचा चेहरा असा उजळला! "बग! कुठं ठोकायचं ते कळाय लागतंय!" मी म्हणाले, "हो आबा." पाच वाजायच्या आत मी हजेरीपटावर सही केली आणि तुम्ही बाहेर लिंबाखाली बसून शिपायाला ती टकटक सांगत होतात.

पुढं वर्षभर आल्यागेल्याला तुम्ही ती गोष्ट सांगितलीत. मग एकाएकी सांगायचं सोडलंत. कुणी काढलीच तर म्हणायचात, "पोरीनं आणली गाडी, मी नुसता बसलेलो." मला वाटलं, वय झालं.

गाडी न्यायला आलेल्या मेकॅनिकनं माझ्यासमोर कार्ब्युरेटर खोलला. आत माझं भोसकलेलं पॅकिंग नव्हतंच. तुमच्या हातचं दुसरं होतं, जाड कागदाचं, कडा सुबक ठोकलेल्या, आणि त्यात जागच्या जागी एक गोल, नेटकं भोक. मेकॅनिक म्हणाला, "कुणी कापलं हो हे? हात चांगलाय." मी घरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

तुमचा मान राखायला मी त्या दिवशी गप्प बसले, असं आईला सांगत आले. ते खोटं आहे, आबा. "तुला काय कळतंय" हे माझ्या मनातून जात नव्हतं, आणि तुमची चूक एकटीनंच जाणून असण्यात मला गंमत वाटत होती. तुम्ही ते भोसकलेलं पॅकिंग बघितलंत, सगळं ओळखलंत, मला एका शब्दानं लाजवलं नाहीत. त्यानंतरही तुम्ही दोन वर्षं माझ्या शेजारच्या सीटवर बसत होतात. पूर्णा ते पेडगाव इतका लांब रस्ता होता, आणि मी एकदासुद्धा म्हणाले नाही की आबा, ते भोक मी पाडलं.