एक कान वर

११ नोव्हेंबर
आले बाई एकदाची! देवरीहून जीपमध्ये मांडीवर दुसऱ्याची कोंबडी घेऊन बसले होते. उतरताना कोंबडीलाच माझा लळा लागला होता. घरमालकीण बायजाबाई फाट्यावर घ्यायला आल्या होत्या. मी नको नको म्हणेपर्यंत माझी पेटी डोक्यावर घेऊन त्या अर्ध्या वाटेवर पोचल्यासुद्धा. उपकेंद्रातली नर्सची नोकरी कंत्राटी आहे, पगार बेताचा. पण खोली छान सारवलेली आहे. पुढं एक दार, मागं एक दार, मागच्या दाराशी मोहाचं झाड आणि त्यापलीकडे नुसतं जंगल.

बायजाबाईंनी आल्या आल्या विचारलं, "एकटीच काऊन आली व? लगन नाई झालं?" मी म्हटलं, जमता जमता राहिलं. त्या पोट धरून हसल्या.

पोचल्याचं सौंदडला आईला कळवलं, गोंदियात मैत्रिणीला, मोनालीला कळवलं. तिसऱ्या कुणालाच सांगायचं नाही.

१४ नोव्हेंबर
तो विषय इथं काढायचा नाही असं ठरवलं होतं. पण रोजनिशीशी कसली लपवाछपवी?

विक्की. गोंदियात नर्सिंग करताना आमचं जमलं होतं. राइस मिलवर कामाला होता, बोलायला गोड. एकदा रागाच्या भरात त्यानं माझा गळा धरला आणि त्याच दिवशी मी त्याला रामराम ठोकला. माझ्यानंतर त्याला दुर्गा भेटली. यंदा पावसाळ्यात दुर्गा गोंदियाजवळ नागरा गावाच्या पलीकडे एका तळ्यात सापडली, पोत्यात.

पोलिसांनी मला त्या पोत्याचा फोटो दाखवला. पोत्याचं तोंड पिळून एक कान वर ठेवलेला, दुसरा आत खोचलेला, वर सुतळीचे उलटे फेरे. विक्की डावखुरा. माझ्या घरून आलेलं तांदळाचं पोतं तो असंच बांधायचा आणि म्हणायचा, बघ, ससा ऐकतोय. मी पोलिसांना सांगितलं, ही गाठ विक्कीची आहे. १६ डिसेंबरला तेच कोर्टात सांगायचं आहे. तो जामिनावर सुटला म्हणून तोवर मी इथं.

चौकीत मी जबाब देत होते तेव्हा मोनालीनं हात धरला होता. आम्ही तीन वर्षं एका खोलीत राहिलो. एकमेकींचे कपडे, एकमेकींची आजारपणं, सगळं एकत्र. सख्खी बहीण असती तर तिनंही एवढं केलं नसतं.

२१ नोव्हेंबर
मोनालीनं बसच्या कंडक्टरच्या हातून डबा पाठवला. फाट्यावरच्या चहावाल्यानं जपून ठेवला होता. चिवडा आणि लाखोळीच्या डाळीचे वडे. वडे बायजाबाईंनीच संपवले आणि तुझी मैत्रीण गुणाची आहे असं वर प्रमाणपत्र दिलं.

संध्याकाळी टेकाडावर चढून मोनालीला फोन लावला. रेंज तिथंच मिळते. तिला सगळं ऐकायचं होतं. घर कसं आहे, सोबत कोण असतं, मागं दार आहे का, कडी धड आहे का. कडीचं विचारल्यावर मला भरूनच आलं, इतकी काळजी! मी तिला सगळं सांगितलं. गुरुवारी बाजाराला गाव असं रिकामं होतं की कुत्रीसुद्धा बायांच्या मागं जातात, हेही सांगितलं. ती खूप हसली.

५ डिसेंबर
आज डब्यासोबत नव्या तांदळाची पिशवी आली. जाड कापडाची, सुतळीनं बांधलेली.

एक कान वर. दुसरा आत खोचलेला. सुतळीचे फेरे उलटे.

पिशवी मी अजून उघडलेली नाही. बायजाबाई विचारून गेल्या, भात नाही का मांडायचा? मी म्हटलं, भूक नाही.

६ डिसेंबर
फोन केला. पिशवी कुणी बांधली असं सहज विचारलं. मोनाली म्हणाली, मीच बांधली, आणखी कोण? तिला साधी रिबीन बांधता येत नाही. तिची वेणीसुद्धा मी घालून द्यायचे.

मग मी विक्कीचं नाव घेतलं. ती रडत म्हणाली, "सुन ना यार, वो बदल गया है. तू एकदा त्याचं ऐकून तर घे. एका गाठीपायी कुणाचं आयुष्य घालवशील का?"

एका गाठीपायी! मग दुर्गाचं आयुष्य कुठं गेलं?

मी फोन कापला आणि तिथंच दगडावर बसून रडले. विक्कीची भीती वाटते, ती वाटणारच. पण हे भीतीपेक्षा वाईट आहे. माझा पत्ता मी माझ्याच तोंडानं दिला, कडीसकट.

९ डिसेंबर
तपास अधिकाऱ्यांना फोन लागला. गुरुवारी दुपारी गाडी पाठवतात, साक्षीपर्यंत गोंदियात सुरक्षित ठेवतील. गुरुवारच लवकरात लवकर. एकटीला भीती वाटते एवढंच सांगितलं, तर बायजाबाईंनी तोवर माझ्याजवळ झोपायचं ठरवलंय.

१० डिसेंबर
बायजाबाई फाट्यावरून आल्या त्या चिडूनच. "तुया माणूस चहाच्या टपरीवर उभा होता मने. नर्सबाईचं घर कोनतं, विचारून राहिला. तू तं मने लगन नाई झालं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कोयता उशाशी घेतला.

मी दोन्ही कड्या दोनदा तपासल्या.

१२ डिसेंबर, गुरुवार
गाव बाजाराला गेलं. बायजाबाई जात नव्हत्या, पण नातवाला ताप भरल्याचा शेजारच्या पाड्यावरून निरोप आला. मीच म्हटलं, जा, गाडी आता येईलच.

दोन्ही कड्या लावल्या. हे लिहून ठेवते. काही झालं तर निदान हे सापडेल.

दारावर थाप.

मोनाली. एकटी. फटीतून दिसतेय. ओढणी कपाळाला दाबलेली, लाल झालेली. म्हणते, त्यानं मारलं, मी पळून आले, पुष्पा उघड, तो मला पण मारून टाकील—

उघडू नये. कळतंय मला.

पण दुर्गानं पण असंच कुणाचं तरी दार वाजवलं असेल तर?

उघडलं. लगेच कडी लावली. बाहेर कुणी नव्हतं.

मोनाली चप्पल काढून खाटेवर बसली. गळ्यात पडली माझ्या. मी सगळं विसरले. खरंच विसरले. म्हटलं, आधी जखम बघू दे.

कापूस, स्पिरिट. पुसत गेले— पुसत गेले—

जखम नाही.

कपाळ कोरं आहे. कापसावर गुलाबी. हे रक्त नाही. माहूर आहे, लग्नात पायाला लावतात तो लाल रंग—

तिच्या पायांकडे आता बघितलं. टाचा लाल. बोटांत जोडवी. नवी.

लग्न केलंस? त्याच्याशी? मी एवढंच विचारलं.

तोंड धुऊन येते म्हणून मागं गेली. पाण्याचा आवाज नाही. पुढचं दार— बाहेरून कुणीतरी कडी घातली—

मोनाली, नको. अगं उद्या तुझ्यावर पण—

मागून म्हणतेय, सॉरी यार पुष्पा. रडतेय. रडत रडत मागची कडी काढते