सोनूचा पिंजरा, तीन फूट बाय दोन

॥ श्री ॥
बिबवेवाडी, पुणे
६ डिसेंबर २००५

चि. अपेक्षा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि आतला फोटो मिळाला. फोटोत तुझ्यापेक्षा कोटच जास्त दिसतो. नीट जेवतेस ना, असं तुझी आई विचारते. मी विचारत नाही, कारण तू खरं सांगणार नाहीस. तिच्या गुडघ्याचं दुखणं आहे तिथेच आहे. बाकी क्षेम.

आता मुख्य विषय. राधाच्या सोनूला नवा पिंजरा केला. जुलैत तू अमेरिकेला गेलीस आणि तिचं रडं थांबेना, म्हणून मी तिला तो हॅमस्टर घेतला, हे तुला माहीत आहेच. तेव्हा दुकानदाराने बरोबर दिलेल्या पिंजऱ्यापेक्षा चपलांचं खोकं बरं. गुलाबी गज, मध्ये एक चक्र, आणि त्या जिवाला वळायचं तर पोट आत घ्यावं लागे. राधा म्हणाली, "आजोबा, तो सारखा एकच कोपरा चावतो. त्याला जागा हवीय." मला पटलं.

शहेजादकडे गेलो. मार्केट यार्डाच्या रस्त्याला त्याचं पशुपक्ष्यांचं दुकान आहे. माणूस भला, बोलतो फार. त्याच्याकडचे सगळे पिंजरे मी टेपने मोजले. सर्वांत मोठा दीड फूट बाय एक, आणि त्यावर चिठ्ठी, 'स्पेशस'. बिल्डरांनी हा शब्द सगळ्या गावाला शिकवलाय, पिंजरेवाल्यांनीच का मागे राहावं? शहेजाद म्हणाला, "अंकल, जितका मोठा तितका चांगला. पण एक लक्षात ठेवा, याला थंडी सोसत नाही. घरातच ठेवा." दुकानदार मालाबरोबर दोन सूचना फुकट देतातच. मी मान हलवली.

घरी येऊन प्लॅन काढला. चौतीस वर्षं कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात काढली, ती अशी कामाला आली. लांबी तीन फूट, रुंदी दोन, उंची दीड. जाळी अर्ध्या इंचाची. खाली पत्र्याचा ट्रे, ओढून धुता येईल असा. वर माळा, चढायला फळी, कोपऱ्यात निजायची खोली. राधा शेजारी बसून खोडरबर देत होती. म्हणाली, "आजोबा, त्याला एक खिडकी ठेवा." म्हटलं, अगं, याला खिडक्यांशिवाय आहे काय? त्यावर ती हसली. हे तुला मुद्दाम कळवतो.

ग्रिलवाल्या हिंदुरावाकडून बनवून घेतला. त्याने कागद उलटसुलट पाहिला. "साहेब, कुत्रं हाय का?"

"नाही. उंदराच्या जातीचं आहे."

त्याने कागद सरळ करून पुन्हा पाहिला. मग म्हणाला, "उंदराला दोन खोल्या अन् माळा. चांगलं हाय." काम मात्र चोख केलं.

पिंजरा दारात आला तेव्हा जागेचा प्रश्न आला. आपल्या दोन खोल्यांत तीन फुटांचा मोकळा तुकडा नाही, हे जन्मभर मोजमापं केलेल्या माणसाला तेव्हा समजलं. आई म्हणाली, "तुमचं ते ड्रॉइंगचं टेबल काढा की. नाहीतरी त्यावर वर्तमानपत्रंच असतात." मी म्हटलं, टेबल हलणार नाही. शेवटी पिंजरा गॅलरीत ठेवला. हवा खेळती, उजेड भरपूर, समोर टेकडी. इतकी चांगली जागा तर माणसांनाही मिळत नाही.

राधा मजेत आहे. तू काळजी करू नकोस.

तुझे अण्णा


॥ श्री ॥
बिबवेवाडी, पुणे
३१ डिसेंबर २००५

चि. अपेक्षा हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू दोनदा विचारलंस, राधा एवढी गप्प का. थंडी फार आहे, घसा धरलाय. या आठवड्यात पारा सातवर आला होता. आई तिला आल्याचा काढा देते आणि ती तो तोंड वाकडं न करता पिते. शाळेला नाताळची सुट्टी आहे, त्यामुळे दिवसभर घरातच असते.

तुझा करार जूनच्या पुढे वाढतोय म्हणालीस. घे. अशी संधी पुन्हा येत नाही. इथे आम्ही दोघं आहोत.

सोनूचं विचारलंस. पिंजरा उत्तम आहे. जाळी कुठेही सुटलेली नाही.

एक विचारायचं होतं. तिकडे तर बर्फ पडतो, तरी लोक असले प्राणी पाळतच असतील. थंडीत त्यांचं काय करतात, ऑफिसात कोणाला तरी सहज विचार. घाई नाही. आता काही घाई नाही.

राधा मजेत आहे.

तुझे अण्णा


बिबवेवाडी, पुणे
१७ जानेवारी २००६

चि. अपेक्षा,

हे पत्र बसून वाच. आणि एकटी असताना वाच.

मागच्या पत्रात मी लिहिलं की पिंजरा उत्तम आहे. ते खरं होतं. त्यात सोनू नव्हता.

सत्तावीस तारखेला सकाळी राधा उठल्या उठल्या गॅलरीत गेली आणि त्याला ओंजळीत घेऊन आत आली. गार, ताठ, गोळा झालेला. मी त्याच्या नाकापाशी आरसा धरला, वाफ धरली नाही. आईनेही पाहिलं. गेला, म्हटलं. राधा म्हणाली, "नाही आजोबा, तो झोपलाय. त्याची मिशी हलली." मी वाकून पाहिलं. मला काही हललेलं दिसलं नाही. "आत्ता नाही," ती म्हणाली, "मघाशी."

आता जे लिहितो ते तुला लागेल. अपघातानंतर शुभंकररावांना कात्रजच्या घाटातून घरी आणलं, त्या दिवशी राधाला शेजारी नंदाताईंकडे पाठवलं होतं. लहान मुलांनी असलं पाहू नये, ही आपली रीत, आणि तो निर्णय माझा होता. तू शुद्धीवर नव्हतीस. तिला सांगितलं, बाबा झोपलेत. पुढे वर्षभर दाराची बेल वाजली की ती धावत जायची, हे तू पाहिलं आहेस. म्हणून या वेळी ठरवलं, पोरीशी खोटं बोलायचं नाही. जे झालं ते तिने बघावं, म्हणजे मनातून जाईल. विचार वाईट नव्हता. तो करणाऱ्याला अक्कल असायला हवी होती.

तिच्या शाळेच्या बुटांचं खोकं घेतलं. सोनूला माझ्या पांढऱ्या रुमालात गुंडाळून त्यात ठेवलं. खाली सोसायटीच्या शेवग्याखाली खड्डा केला. राधा खोकं सोडेना, तेव्हा मी ते तिच्या हातांतून ओढून घेतलं. आई वरून गॅलरीतून बघत होती. तिने हाक मारली, "अहो, राहू द्या ना तासभर. काय घाई आहे?" मी वरसुद्धा पाहिलं नाही.

मग राधाला म्हटलं, पहिली मूठ तू घाल. ती नको म्हणाली. मी आवाज चढवला. म्हटलं, "गेलेलं परत येत नाही राधा, हे तुला आता कळायला हवं."

तिने मूठ घातली.

दोन दिवसांनी मी दुसरा हॅमस्टर आणायला शहेजादकडे गेलो. त्याने विचारलं, कुठे ठेवला होता. गॅलरीत म्हटल्यावर त्याने हातातली दाण्यांची पिशवी खाली ठेवली. "अंकल, गारठ्यात हे असेच होतात. थंड, कडक. श्वास चालतो, पण कळत नाही. हातात धरून ऊब द्यायची. तासा-दोन तासांत उठतात. तुम्ही ऊब दिली होती ना?"

मी हो म्हटलं आणि रिकाम्या हाताने घरी आलो.

तीस तारखेला सकाळी आई आणि राधा भाजीला गेल्या तेव्हा मी शेवग्याखाली उकरलं. हे कोणाला तरी सांगायला हवं, आणि तुझ्याशिवाय मला कोणी नाही. खोक्याचा एक कोपरा आतून कुरतडलेला होता. रुमालाला भोकं होती. सोनू त्या कोपऱ्यात होता, तोंड भिंतीला लावून. या वेळी तो खरोखर गेलेला होता. तसाच पुन्हा पुरला. रुमाल मात्र परत त्याच्या अंगावर घालवेना. वर आणून कचऱ्याच्या डब्यात टाकला. डबा रोज पहाटे जातो. एकतीसला पहाटे तोही गेला, असं मी धरून चाललो.

एकतीसलाच सकाळी राधाने विचारलं, "आजोबा, तो नक्की गेलेला होता ना?"

मी म्हटलं, "नक्की."

ती "बरं" म्हणाली. त्यानंतर मी बसून तुला ते दुसरं पत्र लिहिलं.

ती बोलत नाही असं नाही. विचारलं तर उत्तर देते, जेवते, अभ्यास करते. पण दुपारी जेवून मी आडवा झालो आणि डोळे मिटले, की येऊन माझ्या नाकाखाली बोट धरते. आईच्याही धरते. मी जागा असतो, पण डोळे उघडत नाही, तिला लाज वाटेल म्हणून. गेल्या रविवारी मी श्वास जरा रोखला असेन. तर तिने माझे दोन्ही तळहात आपल्या हातांत घेतले आणि चोळायला लागली. जोरात, न थांबता. मी उठून बसलो तेव्हा ती काही न बोलता आत निघून गेली.

काल कपाटातून रुमाल घ्यायला गेलो. घड्यांत सर्वांत वरती तो रुमाल होता. धुतलेला, घडी घातलेला, भोकं वरच्या अंगाला. आईला विचारलं. म्हणाली, "हल्ली घड्या राधाच घालते. शहाणी झालीय." डबा पहाटे जातो, अपेक्षा. म्हणजे तिने तो तीस तारखेलाच डब्यातून उचलला होता. तिने मला विचारलं, तेव्हा रुमाल तिच्याजवळ होता. तिला उत्तर नको होतं. मी काय सांगतो, ते तिला बघायचं होतं.

पिंजऱ्याबद्दलही एक सांगायचं राहिलं. घरात जागा नव्हती हे मी लिहिलं, ते खोटं. जागा होती, तिथे माझं टेबल होतं. निवृत्त झाल्यापासून त्यावर मी एक रेघ ओढलेली नाही, पण ते हललं तर मी कोण, असं वाटायचं. परवा हिंदुरावाला बोलावून ते देऊन टाकलं आणि पिंजरा तिथे आणून ठेवला. बरोबर बसतो. भिंतीपासून दोन इंच उरतात. राधाने त्यावर तिची शाल घातली आहे. मी ती काढलेली नाही.

मी तिला उद्या सगळं सांगणार आहे. ती मूठ तिची नव्हती, माझी होती, मी तिला ती घालायला लावली, हे मला तिच्या तोंडावर म्हणायचं आहे. तिचं बरोबर होतं, मिशी हलली होती, हेही. माफी मागेन. मोठ्यांनी लहानांची मागायची नसते म्हणतात, पण असं म्हणणारे सगळे माझ्यासारखेच असावेत. मात्र ते ऐकल्यावर ती रडली, तर तिला जवळ कोणी घ्यायचं? माझ्या हातांत ती येणार नाही. तिने का यावं?

जून फार लांब आहे. कराराचं मी 'घे' म्हटलं होतं, तो शब्द परत घेतो. लोक काय म्हणतील, कंपनी काय म्हणेल, हे मी आजवर तुला पुष्कळ शिकवलं. ते विसर.

प्रत्येक पत्राच्या शेवटी मी तुला एक वाक्य लिहीत आलो. तू ते वाचून निर्धास्त झोपावंस म्हणून लिहायचो. राधा मजेत नाही. तू गेलीस त्या दिवसापासून नव्हती. ती मला ते सांगत होती आणि मला काही हललेलं दिसलं नाही.

ये.

तुझा बाप