झाकण उघडू नका

सॅम्पसन काउंटी, नॉर्थ कॅरोलायना
सोमवार, १५ सप्टेंबर

प्रिय नीव्हा हिला,

एल्बर्ट भावोजींचे मनापासून आशीर्वाद. आम्ही दोघं हातीपायी ठीक आहोत. म्हणजे हाती मी ठीक आहे आणि पायी तुझी बहीण सुधारते आहे. कशी ते पुढे येईलच. तिकडे डेटनला आता गारठा सुरू झाला असेल, गुडघ्यांना लोकरीचं काहीतरी बांधत जा. तुझ्या मांजराचा डोळा निवळला का? रीथा रोज विचारते आणि मी रोज “लिहितो” म्हणतो, तर ते एकदाचं लिहिलं. तुझं वजन, झोप, दात हे सगळं नीट असेल अशी आशा करतो. (दातांचं मुद्दाम विचारतोय. इकडे आलीस तर खायचं बरंच आहे.)

तू टपालाने धाडलेला विजेचा स्लो कुकर पोचून महिना होऊन गेला आणि मी आभाराचं पत्र आज लिहितोय, याची लाज वाटते. खरं सांगायचं तर पहिले आठ दिवस तो कशासाठी आहे हेच मला उमगलं नव्हतं. मला वाटलं, रीथाचे पाय शेकायला तू काहीतरी धाडलंस. कोमट पाणी भरून मी तो तिच्या पलंगापाशी नेलाही होता. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पाणी ओतून आलो आणि आतला कागद वाचायला बसलो. कागदावर पाककृती होती, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: झाकण उघडू नका. दर वेळी उघडाल तर शिजायला अर्धा तास जास्त लागेल. हे मी वाचलं होतं, नीव्हा. वाचलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

आता त्या कुकरावाचून आमचं अडलं का होतं ते सांगतो. जुलैत रीथा मागच्या पायरीवरून वालाच्या शेंगांच्या बादलीसकट घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि ऑपरेशन झालं, इथवर तुला ठाऊक आहे. ट्रूडीने तुला काय सांगितलं असेल ते मात्र मला ठाऊक नाही. आमची लेक मनाने लोण्यासारखी आहे, पण एकदा काळजीत पडली की थेट तहसीलदार होते. ऑगस्टात ती रॅलेहून अचानक आली, तेव्हा आम्ही रात्रीच्या जेवणाला खारी बिस्किटं आणि डब्यातले मासे खात होतो. (सलग तिसरा दिवस. तेही तिने कचऱ्याच्या टोपलीतले डबे मोजून काढलं.) रीथा खोलीच्या उंबऱ्यापलीकडे पाऊल टाकायला तयार नव्हती. व्यायामाच्या बाई मंगळवारी आणि गुरुवारी यायच्या, तिला पलंगाभोवती फिरवायच्या आणि हताश होऊन जायच्या. ट्रूडीने पर्समधून एक चकचकीत माहितीपत्रक काढलं, मागच्या पानावर अर्ज. रॅलेजवळ म्हाताऱ्यांसाठी एक जागा आहे; पुढे कारंजं, दोन वेळचं आयतं जेवण, आणि खोलीत दोन वेगळे पलंग. माझी नजर त्या दोन पलंगांवरून पुढे सरकेना. ती म्हणाली, “डॅडी, चौदा तारखेच्या रविवारी आम्ही सगळे जेवायला येतो. तुमचं तुम्हांला भागवता येतंय असं दिसलं तर हा कागद मी परत नेईन. नाही दिसलं तर तुमची सही घेऊन नेईन.”

तेव्हा मी छाती पुढे काढून म्हटलं, रविवारी दुपारी एक वाजता डुकराचा खांदा शिजवून, उकलून, व्हिनेगर लावून टेबलावर ठेवतो. चौदाव्या वर्षापासून मी घरामागच्या भट्टीवर अख्खं डुक्कर भाजत आलोय, त्यामुळे तोंडातून शब्द निघून गेला. पण भट्टीपाशी बारा तास निखारे ढकलत बसायचं, आणि आत हिला पाणी हवं झालं तर? मग तुझा कुकर आठवला. कागदावर लिहिलं होतं, मोठ्या आचेवर सहा तास, आणि तुम्ही खुशाल दुसरी कामं करा. एवढं सोपं असतं हे मला कुणी आधी का सांगितलं नाही, असं वाटून मला जवळजवळ रागच आला.

रविवारी सकाळी साडेसहाला खांदा मीठ-मिरची चोळून आत ठेवला. कुकर स्वयंपाकघरात ठेवायला मन धजेना. माझ्या आजोबांपासून आमच्याकडे कुणी डुक्कर छपराखाली शिजवलेलं नाही. मागच्या ओसरीला छप्पर आहे खरं, पण भिंत नाही, म्हणून ओसरीवरच्या धुण्याच्या यंत्रावर तो मांडला. मग दुसरी कामं करायला गेलो. नीव्हा, दुसरी कामं कुठली? भट्टी असली की लाकडं फोडा, निखारे सारखे करा, दर तासाला व्हिनेगरचा हात मारा. इथे एक झाकण आणि एक मी. साडेसातला मला वाटलं, बिचारा खांदा कोरडा पडत असेल. उघडलं, व्हिनेगरचा हात मारला, झाकलं. साडेआठला पुन्हा. इतक्या वर्षांची हाताची सवय, कागद वाचून थोडीच जाते?

तेवढ्यात आमच्या चर्चचा डीकन पर्विस आला. प्रार्थनेला जायच्या आधी रीथाची चौकशी करायला म्हणून आला होता, पण वास त्याला थेट ओसरीवर घेऊन आला. पाठोपाठ शेजारचा लॉनी आपली खुर्ची घेऊन आला. आमच्याकडे कुणाचं डुक्कर शिजत असलं की पुरुषांनी भोवती उभं राहून त्यात बघायचं, मान हलवायची आणि आपापल्या वडिलांनी कसं केलं असतं ते सांगायचं, ही रीत आहे. भांडं विजेचं आहे म्हणून रीत कोण मोडतो? पर्विसने झाकण उचललं, मान हलवली, झाकण ठेवलं. मग लॉनीने उचललं. मग दोघांचं पटेना म्हणून पर्विसने पुन्हा. दोघं चर्चला गेले, प्रवचन ऐकलं की नाही देव जाणे, आणि परत आले ते ओसरीवरच. साडेबाराला ट्रूडी, तिचा नवरा ग्रेडी आणि दोन्ही नातवंडं आली. ग्रेडी चांगला मुलगा आहे, बोलतो कमी. तो हातपाय न धुता ओसरीवर आला आणि त्यानेही झाकण उचललं. मला बरं वाटलं, इतक्या वर्षांनी तो आमच्यातला झाला.

एक वाजता मी खांद्याचं हाड धरून ओढलं. हाड सुटून हातात आलं पाहिजे. ते जागचं हललं नाही. मी जोरात ओढलं तर अख्खा खांदा वर आला, कुकरासकट. पर्विसने टोपी काढली, मयताला काढतात तशी. आत ट्रूडी कोबी किसत होती, आणि तिच्या पर्समधून त्या कागदाचा कोपरा बाहेर डोकावत होता. भट्टीवरचं डुक्कर बिघडलं तर माणसाचं चार लोकांत हसं होतं. हे बिघडलं तर मी त्या कारंज्यासमोर, वेगळ्या पलंगावर. काय करावं सुचेना, म्हणून मी पुन्हा झाकण उचललं आणि ते हातात धरून आत बघत बसलो.

“एल्बर्ट, ते झाकण खाली ठेव.”

वळून बघतो तर ओसरीच्या दारात रीथा. अंगात निळा गाऊन, पायांत माझ्या चपला, हातात वॉकर. खोलीपासून ओसरीपर्यंत सत्तावीस पावलं आहेत, मी नंतर मोजली. ती ट्रूडीच्या शेजारून गेली तेव्हा ट्रूडी किसत असलेला कोबी हातात धरूनच तिच्या मागोमाग आली. रीथाने आम्हां चौघांना रांगेत उभं करून जबान्या घेतल्या. झाकण मी पाच वेळा उचललं होतं, पर्विसने तीन, लॉनीने दोन, ग्रेडीने एक. अकरा अर्धे म्हणजे साडेपाच तास, साडेबारात मिळवले की सहा, तर जेवण सहा वाजता, असा निकाल देऊन ती कुकरापाशी खुर्चीत बसली आणि वॉकर तिने यंत्रापुढे कुंपणासारखा आडवा लावला. पर्विस म्हणाला, नुसतं बघत होतो. ती म्हणाली, “पर्विस, प्रार्थनेला डोळे मिटतोस ना? तसेच इथे मीट.”

मग आम्ही पाच तास वाट बघितली, आणि नीव्हा, तशी दुपार या घराने फार दिवसांत बघितली नाही. एरवी ही मंडळी जेवतात आणि अडीचला गाडीत बसतात. काल जाणार कुठे? ग्रेडीने न सांगता मागच्या पायऱ्यांना कठडा ठोकला. नातवंडांनी आजीकडून वाल सोलायला शिकून घेतलं. भुकेला सगळ्यांनी बिस्किटं आणि रीथाचा नासपतीचा मुरंबा खाल्ला. (बरणी मी भरलेली ठेवली होती, ती निम्मी निघाली. व्यायामाच्या बाईंवर माझा संशय आहे, पण सोन्यासारखी बाई, तिला विचारायचं कसं?) ट्रूडी आईच्या पायाशी बसून केस विंचरून घेत होती, बेचाळीस वर्षांची बाई.

सहाला हाड ओढलं, ते स्वच्छ धुतल्यासारखं हातात आलं. खांदा काट्याने नुसता हलवला तरी उकलत होता. मक्याची भाकरी, कोबी, गोड थंड चहा. पर्विस आणि लॉनी जेवूनच गेले, त्यांना सांगावं लागलं नाही. टेबलावरच्या प्रार्थनेत मी पुष्कळ आभार मानले: हाडाचे, झाकणाचे, रीथाच्या सत्तावीस पावलांचे आणि तुझे, नावासकट. डोळे उघडले तर ट्रूडी गरम भांडं घेऊन उभी. टेबल भाजू नये म्हणून तिने पर्समधला तो चकचकीत कागद काढून खाली घातला आणि त्यावर भांडं ठेवलं. कारंज्यावर आता गोल डाग आहे. जाताना तिने एक लहानशी अट घातली, ती किरकोळ आहे, खाली कळवतो. बाकी, पोरी, तुझ्या त्या भांड्याने आमचं घर राखलं. देव तुझं भलं करो.

तुझा भावोजी,
एल्बर्ट ट्यू

ता. क. ट्रूडीची अट अशी की पहिला महिनाभर घरात आणखी एक मोठं माणूस हवं. मी तिला सांगून टाकलं की एक ऑक्टोबरपासून नीव्हा मावशी येणार आहे. तुला विचारायचं राहून गेलं, ते या पत्राने विचारतो. खोलीला हवा दिली आहे आणि उशीचे अभ्रे धुतले आहेत. मांजर आणलंस तरी चालेल.

ता. क. २. येताना मांसाची काळजी करू नकोस, ते मी करीन. झाकणाला मी आता दोरी बांधली आहे.

नीव्हे, मी रीथा. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून चार ओळी घुसडते. तो सगळ्यांना सांगत सुटलाय तसं काही रागाने अंगात बळ आलं नाही. गेले तीन आठवडे तो टपाल आणायला गेला की मी घरभर चालते. तो लॉनीशी अर्धा तास गप्पा मारतो, तेवढ्यात मुरंबाही खाऊन होतो. बोलले नाही, कारण एक्कावन्न वर्षांत पहिल्यांदा कुणी मला अंथरुणात कॉफी आणून देत होतं, दूध अगदी मापात. ट्रूडीने जेवून कागद काढलाच तर उठून दाखवायचं ठरवलं होतं; नाही काढला तर सोमवारची कॉफी तरी पदरात पडली असती. पण खिडकीतून ते झाकण अकराव्यांदा उघडताना दिसलं, तेही त्याच्याच हातून, आणि राहवलं नाही.

तू ये. मात्र तू आलीस की मला सकाळी थोडं दुखणार आहे, आणि तू काही बोलायचं नाहीस. कॉफी दोघींची सांगू.