बूट सापडले

अहो ओपोकू,

मी गुबगुबीत राहिले की फायदा तुमचाच. आई कुमासी शहरभर सांगत फिरतात, "माझा लेक बायकोला पोटभर खाऊ घालतो!" म्हणूनच माझे चालायचे बूट मक्याच्या पोत्यामागे दडवलेत ना? सापडले. तुमचीच बहीण दारात उभी आहे, आम्ही निघालो. काल चढावर दम न लागता गाणं म्हटलं आणि घरी येऊन आरशात पाहिलं, तर मीच मला आवडले.

दुपारी आई जेवायला येतील. "सून वाळली, उपाशी ठेवतोस काय?" असं म्हणाल्या, तर मी दोनदा वाढून घेते हे सांगा. फुफूच्या गोळ्यांसाठी कसावाचे कंद सोलून ठेवलेत. उकडून उखळात तुम्हीच कुटा. म्हणजे चालणं माझं, जेवण आईंचं आणि बूट लपवल्याचा घाम तुमचा.

आफ्रिये